हजेरीत कोणी राहिलंय का?

१

दर रविवारी सकाळी सव्वासातला मी अग्निशामक दलाच्या इमारतीचा लोखंडी जिना चढायचो, वरच्या खोलीचं कुलूप काढायचो आणि खिडकीजवळच्या टेबलावरचा वायरलेस सेट लावायचो. बाकीचे सहा दिवस माझं चष्म्याचं दुकान. लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत "आता बरं दिसतं की मघाशी बरं होतं?" असं विचारण्यात माझी चाळीस वर्षं गेली. रविवारचा तो एक तास मात्र कानांचा.

आम्ही हौशी रेडिओवाले. परवाना आहे, पगार नाही. पूर आला, तारा तुटल्या, मोबाइलचे मनोरे बंद पडले की शहरातले निरोप आम्ही पोचवायचे, असं ठरलेलं. तशी वेळ वर्षा-दोन वर्षांतून एकदा येते. बाकी सगळा सराव. माझी बायको याला लष्कराच्या भाकऱ्या म्हणते, आणि जिना चढताना गुडघे दुखले की मलाही ते पटतं.

सराव म्हणजे हजेरी. नदीच्या वरच्या अंगाकडून खाली यायचं. आधी धरणावरचा चौकीदार, मग शाळेतल्या बाई, मग बेकरीवाला, मग माझी ताई, मग दवाखान्यातले डॉक्टर, आणि शेवटी रेडिओ दुरुस्त करणारा आमचा मित्र, ज्याला सगळे डाख म्हणतात, कारण त्याच्या हाताला कायम तारा जोडायच्या डाखाचा वास येतो. हवेत प्रत्येकाला परवान्यावरच्या अक्षरांनी हाक मारायची असते, पण मनात आम्ही एकमेकांना असंच ओळखतो. मी नाव पुकारायचं, त्याने उत्तर द्यायचं, मी वहीत लिहायचं. उत्तर आलं नाही तर तीनदा पुकारून "उत्तर नाही" अशी नोंद करायची. नाव गाळायचं नाही. नाव फक्त यादीतून काढल्यावरच गाळलं जातं, आणि तसं आजवर दोनदाच झालं होतं. दोन्ही वेळा आम्ही सगळे त्यांच्या अंत्ययात्रेला जाऊन आलो होतो.

हजेरी संपली की विचारायचं, "हजेरीत कोणी राहिलंय का? ओव्हर." आणि दहा सेकंद गप्प बसायचं. कोणी उशिरा आलेला असेल, कोणाची बॅटरी उतरलेली असेल, कोणी अडचणीत असेल, त्याच्यासाठी ते दहा सेकंद. बारा वर्षांत त्या दहा सेकंदांत कोणी बोललं नव्हतं. मी तेवढ्यात पेनाला टोपण लावून घ्यायचो.

त्या रविवारी सातव्या सेकंदाला खरखर थांबली.

आमचा सेट नुसता चालू असला की खरखरत असतो. पलीकडे कोणी माइकचं बटण दाबलं की खरखर थांबते आणि त्याचा आवाज येतो. बटण दाबून तो बोललाच नाही, तर त्याची खोली ऐकू येते. मला एक खोली ऐकू आली. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक होती, पाणी ठिबकत होतं, आणि मागे कुठेतरी बारीक आवाजात काहीतरी चालू होतं. चार सेकंद. मग पुन्हा खरखर.

"कोण होतं? नाव सांगा," मी म्हणालो. कोणी बोललं नाही. मग एकेकाला विचारलं. सगळ्यांनी ऐकलं होतं.

"कोणीतरी माइकवर बसलं असेल," बेकरीवाला म्हणाला. "माझ्याकडे मांजर बसतं. पण आज ते बाहेर आहे."

फक्त ताई म्हणाली, "मला नाही बाबा काही ऐकू आलं. माझ्याकडे एकदम शांत होतं."

२

पुढचे दोन रविवार तेच झालं. सातवा सेकंद, चार सेकंदांची खोली, मग खरखर. ताईला काही ऐकू आलं नाही.

मला भुताखेतांचं वावडं आहे. दुकानात लोक येतात, "डोळ्यांपुढे काळं काहीतरी तरंगतं" म्हणतात, आणि दहापैकी नऊ वेळा काच पुसलेली नसते. तेव्हा मी आधी काच पुसायचं ठरवलं. कोणाचं बटण अडकत असेल. शेजारच्या शहरातला कोणी चुकून आमच्या जागी येत असेल. कोणी टवाळ असेल. पण अडकलेलं बटण दर रविवारी घड्याळ बघून सातव्या सेकंदाला अडकत नाही, आणि टवाळाला एवढी शिस्त नसते.

खरं सांगायचं तर मला मजा वाटत होती. चौसष्टाव्या वर्षी माणसाला नवीन कोडं मिळत नाही, जुनीच दुखणी मिळतात. रविवारची वाट मी शाळकरी पोरासारखी पाहू लागलो.

"एवढं लक्ष कधी माझ्या बोलण्याकडे दिलं असतंत," बायको म्हणाली.

"तू चार सेकंदांत थांबत नाहीस," मी म्हणालो, आणि त्या दिवशीचा चहा मला स्वतः करून घ्यावा लागला.

प्रत्येक हजेरी रेकॉर्ड करून ठेवायची हा आमचा नियम. तिसऱ्या सोमवारी दुकान लवकर बंद करून मी ते रेकॉर्डिंग घेऊन डाखकडे गेलो.

३

डाखचं दुकान म्हणजे पोट उघडून ठेवलेल्या यंत्रांची खोली. त्याने एक स्टूल रिकामं केलं, मला हेडफोन दिला आणि चार सेकंदांचा तुकडा पुन्हा पुन्हा लावला. घड्याळ कमी केलं, पाणी कमी केलं, मागचा बारीक आवाज वर आणला.

"कोणीतरी बोलतंय," मी म्हणालो. "त्या खोलीत दुसरा रेडिओ चालू आहे. हा घोगरा माणूस कोण?"

डाखने माझ्याकडे पाहिलं. "मालक, तुम्हीच."

मला पटेना. आपला आवाज आपल्याला ओळखू येत नाही, आणि आमच्यात तर मुळीच नाही. बोलताना आपलाच सेट बहिरा होतो. बटण दाबलं की ऐकणं बंद. त्यामुळे बाकी सगळे मला ओळखतात, मी सोडून. डाखने मग जुन्या हजेरीचा तुकडा लावून दाखवला. तोच घोगरा.

त्या खोलीतल्या रेडिओवर मी हजेरी घेत होतो. पण मी त्या क्षणी हजेरी घेत नव्हतो. मी तोंड मिटून सेकंदकाट्याकडे पाहत होतो.

"मागच्या आठवड्याचं कोणीतरी वाजवतंय," मी म्हणालो.

"मलाही आधी तसंच वाटलं. पण नीट ऐका. तुम्ही उत्तराला न थांबता, इतक्या घाईने कधी घेता हजेरी?"

त्याने तीन रविवारांचे तीन तुकडे एकापुढे एक जोडले होते. ते सलग होते, आधीचा जिथे तुटला तिथूनच पुढचा सुरू होत होता. चौकीदार. बाई. बेकरी. डॉक्टर.

"पुन्हा लाव," मी म्हणालो.

बेकरी. डॉक्टर. मध्ये श्वास घेण्याएवढीही जागा नव्हती. मी ताईचं नाव घेतलं नव्हतं.

डाख हातातला स्क्रू उगाच डबीत टाकत, काढत बसला. नाव कधी गाळलं जातं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

४

लपवलेला सेट शोधून काढण्याचा आमच्यात खेळच असतो. हातात धरायचं एरियल फिरवायचं, आवाज जिकडून जोरात येतो ती दिशा नकाशावर रेघेने काढायची. दोन-तीन ठिकाणांहून रेघा आल्या की त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे चोर. चौथ्या रविवारी शाळेच्या गच्चीवर बाई, दवाखान्याच्या गच्चीवर डॉक्टर आणि दुकानाच्या पत्र्यावर डाख, असे तिघं एरियल घेऊन उभे राहिले. चार सेकंद तेवढ्याला पुरतात.

दुपारी मी नकाशा पसरून तीन रेघा काढल्या. त्या नदीकाठच्या गल्लीत, शेवटच्या घरावर भेटल्या. ते ताईचं घर.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं होतं. इतके रविवार सगळ्यांना ऐकू येत होतं, फक्त ताईला नाही, आणि ताईकडे त्या वेळी खरखरही नसायची. "एकदम शांत होतं" असं ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती. हवेत एखादा आवाज असताना एकच सेट तो ऐकू शकत नाही. जो तो आवाज पाठवत असतो, तो.

मी तसाच उठून तिच्याकडे गेलो.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. सायकल, गणित आणि रेडिओ या तिन्ही गोष्टी तिनेच शिकवल्या, त्यातलं गणित सोडून सगळं जमलं. तिने लग्न केलं नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं नोकरी केली, आणि निवृत्त झाल्यावर त्या घरात एकटी राहिली. रस्त्यापासून तीन पायऱ्या खाली उतरून तिचं दार. मागच्या खोलीच्या खिडकीतून नदी हाताला लागेल एवढी जवळ. तिला तिथून हलवायचा मी दर पावसाळ्यात प्रयत्न करायचो, आणि दर पावसाळ्यात चहा पिऊन परत यायचो.

"मी बटण दाबते?" ती म्हणाली. "अरे, हजेरीनंतर मी हात धुवायला उठते."

मी मागची खोली पाहिली. टेबलावर सेट होता, फळीवर ऐकण्यापुरता एक जुना रेडिओ, भिंतीवर लंबकाचं घड्याळ. घड्याळ मी ओळखलं. मग मी सगळे नळ पाहिले. तिच्या घरात एकही नळ ठिबकत नव्हता.

रेकॉर्डिंगबद्दल तिला सांगितलं, पण गाळलेल्या नावाचं नाही सांगितलं. ते माझ्या तोंडून निघेना.

"ताई, आमच्याकडे चल ना राहायला. मागची खोली रिकामीच आहे."

"चार सेकंदांच्या आवाजाला घाबरलास होय? माझ्या बोर्डावर चारशे दिवे होते. दिवा लागला की उत्तर द्यायचं, एवढंच. कोण आहे ते आधी कळत नसतं."

५

पाचव्या रविवारी हजेरी शाळेतल्या बाईंनी घेतली आणि मी ताईच्या मागच्या खोलीत बसलो. सेटचा प्लग मी भिंतीतून काढला. पुराच्या वेळेसाठी ठेवलेल्या बॅटरीची तारही काढली. सेटवर एकही दिवा नव्हता. सेट आणि एरियल यांच्यामध्ये एक छोटा मीटर असतो, किती जोराने आवाज बाहेर जातोय ते दाखवणारा. त्याचा काटा शून्यावर निजला होता. माझ्या मांडीवर हातात धरायचा छोटा सेट होता, ऐकायला.

ताईने बिस्किटं आणली होती. तिला फार गंमत वाटत होती.

"हजेरीत कोणी राहिलंय का? ओव्हर," बाईंचा आवाज आला.

आम्ही दोघंही मोजत होतो. सात झाले आणि मीटरचा काटा उठला. थरथरला नाही, अडखळला नाही, सरळ उठून पंचविसावर उभा राहिला. मांडीवरच्या सेटची खरखर थांबली आणि त्यातून घड्याळ ऐकू आलं. समोरचं घड्याळही चालू होतं. दोन्ही एका ठेक्यात नव्हती. पाणी ठिबकत होतं. मग काटा खाली बसला.

मी हात उचलून सेटला लावला. तो गार होता.

मी खुर्ची मागे सरकवली. ताई मात्र पुढे वाकून मीटरकडे पाहत होती, आणि तिचे डोळे चमकत होते.

"पंचवीस वॅट," ती म्हणाली. "पुरता जोर आहे. आणि घड्याळ माझंच आहे रे."

"चल इथून," मी म्हणालो.

"थांब ना. कोणीतरी बटण दाबतंय, आणि बोलायच्या आत सोडतंय. नवीन माणसं करतात तसं. किंवा ज्यांना वाटतं की आपलं कोणी ऐकणार नाही." तिने बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. "पाच आठवडे झाले, आपण कोणी त्याला धड उत्तर दिलेलं नाही."

६

त्यानंतर दोनच दिवसांनी वरच्या कचेरीतून पत्र आलं. सत्तरीच्या वरच्या स्वयंसेवकांची नावं आणीबाणीच्या यादीतून काढावीत. त्यांच्या सेवेबद्दल आभार.

सहसा असं पत्र आलं की मी दिवसभर चरफडतो. या वेळी मी ते तीनदा वाचलं आणि हसत सुटलो. नाव गाळलं होतं ते यामुळे होय! ताई एकाहत्तरची होती. ती कुठेही गेलेली नव्हती, नियमात बसत नव्हती एवढंच. माझा आवाज महिनाभर आधी हवेत कसा आला याचं उत्तर त्या पत्रात नव्हतं, पण माणसाला जेवढं हवं तेवढंच उत्तर तो घेतो. मी त्या रात्री गाढ झोपलो.

ताईला मात्र लागलं. तोंडाने ती म्हणाली, "नियम म्हणजे नियम," पण मग बराच वेळ चष्मा पुसत बसली. मी आयती संधी साधली. आता हजेरीही नाही, मग त्या ओल्या घरात राहून काय करायचंय? बायकोनेही जोर लावला. "वन्सं, निदान मला बोलायला कोणीतरी मिळेल. यांचं सगळं बोलणं ओव्हरवर संपतं."

ती आली. दोन पिशव्या आणि छोटा सेट घेऊन. मोठा सेट तिथेच राहिला. घराला कुलूप लागलं, किल्ली तिच्या पर्समध्ये. माझ्या मनावरचं ओझं उतरलं. ताई आता नदीपासून दोन किलोमीटर दूर, चढावर, माझ्या मागच्या खोलीत होती.

७

पुढच्या रविवारी मी पहिल्यांदा ताईचं नाव न घेता हजेरी घेतली. बेकरीनंतर जीभ अडखळली आणि मी मुद्दाम सावकाश डॉक्टरांचं नाव घेतलं, त्या रेकॉर्डिंगपेक्षा वेगळं व्हावं म्हणून. मग विचारलं, "हजेरीत कोणी राहिलंय का? ओव्हर."

खरखर थांबली. घड्याळ. पाणी आता ठिबकत नव्हतं, वाहत होतं. आणि मग एक बाई बोलली. "मी आहे."

एवढंच. लगेच खरखर.

मी माइक उचलला. तेवढ्यात माझा फोन वाजला. डाख होता. "मालक, हा आवाज ताईंचा आहे."

"ती माझ्या घरी आहे," मी म्हणालो.

"मला माहीत आहे. पण आवाज त्यांचाच आहे."

मग बाईंचा फोन आला, मग बेकरीवाल्याचा. प्रत्येकाने तेच सांगितलं, आणि प्रत्येकाला मी तेच सांगितलं की ताईला यातलं काही कळता कामा नये. म्हातारं माणूस आहे, हाय खाईल. सगळ्यांना ते पटलं.

घरी पोचलो तर ताई दारात चप्पल घालून उभी. तिने छोट्या सेटवर ऐकलं होतं.

"माझ्या घरात कोणी बाई आहे," ती म्हणाली.

मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती बाई कोण असेल याचा तिला खरोखरच अंदाज नव्हता. तीस वर्षं तिने हजारो आवाज ओळखले, पण स्वतःचा तिने कधी ऐकलाच नव्हता. सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "असेल कोणीतरी."

"घाबरलेली नाही. पण वाट बघून दमलीय. चल."

मी तिला स्कूटरवर बसवून नेलं. कुलूप जसंच्या तसं होतं. आत बंद घराचा कोंदट वास. तिन्ही खोल्या, मोरी, पलंगाखाली, सगळीकडे ती पाहून आली. फरशी कोरडी ठणठणीत होती.

"वेळेवर पोचलो नाही आपण," ती म्हणाली. मग तिने मागच्या खोलीत जाऊन सेटला बॅटरीची तार जोडली.

"हे कशाला?"

"असू दे. तिला लागेल."

८

गुरुवारी सकाळी धरणावरून चौकीदाराचा निरोप आला. वर रात्रभर पाऊस झाला होता आणि दरवाजे उघडावे लागणार होते. दहा वाजता मोबाइल बंद पडले. अग्निशामक दलाच्या माणसांनी नदीकाठची गल्ली रिकामी केली. ताईच्या दाराला कुलूप होतं म्हणून त्यांनी घर रिकामं असल्याची फुली खडूने दारावर मारली आणि पुढे गेले. हे मला नंतर कळलं नाही, तिथल्या तिथे कळलं, कारण तो निरोप माझ्याच टेबलावरून गेला आणि तो लिहून घेताना मला हायसं वाटलं. आपण तिला वेळेवर हलवलं, असं मी मनात म्हणालोसुद्धा.

साडेअकराला तातडीची हजेरी घ्यायची होती. खाली गाड्यांचे भोंगे, जिन्यावर बुटांचे आवाज, दारात दोघं निरोपाच्या चिठ्ठ्या घेऊन उभे. मी यादी समोर धरली आणि उत्तरांना न थांबता भराभरा वाचत सुटलो. चौकीदार. बाई. बेकरी. डॉक्टर.

डॉक्टरांचं नाव तोंडातून गेलं आणि माझं बोट यादीवर तिथेच थांबलं. डाखच्या दुकानात हेडफोन लावून मी हीच हजेरी ऐकली होती. हीच घाई होती. मध्ये श्वास घेण्याएवढीही जागा नव्हती.

टेबलावरचा साधा फोन वाजत होता. हजेरी चालू असताना तो उचलायचा नसतो. मी डाखचं नाव घेतलं, सगळ्यांची उत्तरं लिहिली. "हजेरीत कोणी राहिलंय का? ओव्हर." बटण सोडलं आणि फोन उचलला.

बायको होती. "अहो, वन्सं तुमच्याकडे आल्यात का?"

"नाही. का?"

"तासभर झाला बाहेर पडून. मी नको म्हणत होते. म्हणाल्या, आज पाणी येतंय, ती बाई नक्की तिथे अडकली असणार, एवढे आठवडे हाका मारतेय, तिला घेऊन येते. तुम्हाला सांगितलंय म्हणाल्या. सांगितलं होतं का हो?"

मी फोन तसाच टेबलावर ठेवला. सेकंदकाटा मी पाहिला नाही, पण किती झाले होते ते मला माहीत होतं.

खरखर थांबली. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. पाणी पायऱ्यांवरून आत पडत असल्याचा आवाज होता. मग ताई बोलली, एक्स्चेंजमध्ये बोलायची तशी, सावकाश आणि स्वच्छ.

"मी आहे. सगळ्या खोल्या पाहिल्या. इथे कोणी बाई नाही रे."